डबीचे झाकण

अक्षर वाईट आहे, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होतील, माफ करावे. शिक्षण चौथीपर्यंतच झाले. मी पोलिसात बाई शिपाई होते, आता निवृत्त आहे. झडतीच्या दोन ओळी आणि सही, यापलीकडे फारसे लिहिले नाही. पण ती डबी अजून डोळ्यांपुढून जात नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांचे दिवस. सारे ठाणे बंदोबस्तावर. मीही सुजलेल्या पायांनी परळला परतले होते. तेवढ्यात एक सोनार खबर घेऊन आला. "एक कोळीण खोट्या पाटल्या दाखवून माझ्याकडून पैसे उकळतेय." जमादारांनी तिला आणले. शिवडीची, पन्नाशीची. बाईची झडती बाईनेच घ्यायची, म्हणून मला बोलावले.

कमरेच्या पिशवीत पितळेची डबी मिळाली, जाळ्याच्या सुताने बांधलेली. आत चार पाटल्या. एक कापलेली, वर सोन्याचा पत्रा, आत चांदी.

"पोरीच्या लग्नाला एक मोडाया नेली, तं ही चांदी," ती म्हणाली. "यालाच उजळाया दिलेल्या गो बाय. सासूच्या हायेत."

सोनाराने पाटल्या उजळायला घेतानाची चिठ्ठी पुढे केली. पाटल्या चार, आठ तोळे, डबीसह. फौजदार साहेबांनी तराजू आणवला. आठ तोळे भरले.

"घ्या! दिल्या तशाच परत केल्या. सासूनंच फसवलं असेल हिला."

"तुझ्या तोंडात माती पडो! माझी सासू खोटी?"

साहेब दमलेले होते. "बाई, वजन बरोबर आहे. आत बसावं लागेल."

लग्न आठ दिवसांवर.

साहेबांसमोर मी कधी तोंड उघडत नसे. सवयीने डबीचे झाकण लावू गेले, लागेना.

"सुतानं का बांधलीस?" मी हळूच विचारले.

"झाकन लागत नाय. आदी टक्कन लागायचा. यानं पाटल्या कागदात येगल्या दिल्या, मना वाटला डबी चेपली."

कडेवर लाल लाखेचा अर्धा डाग होता, झाकणावर दुसरा अर्धा.

"साहेब," मी डबी पुढे केली, "हा शिक्का कुणाचा?"

"माझाच," सोनार ऐटीत म्हणाला. "गिऱ्हाइकासमोर माल आत ठेवून डबी बंद करायची, वर लाख लावायची. आमची रीतच आहे."

साहेब सरळ बसले. "मग आता बंद करून दाखवा."

त्याने पाटल्या फिरवल्या, उलट्या रचल्या, दाबल्या. झाकण बोटभर वरच राहिले. तासाभरात तो कबूल झाला: सोने काढून घेतले, चांदीवर पत्रा चढवून दिला.

तेवढ्याच जागेत चांदी सोन्याहून फार हलकी. वजन जमवायला चांदी जास्त घातली, पाटल्या जाड झाल्या. जन्म तराजूवर गेलेला माणूस जागा विसरला.

पुढे माझी मुलगी सातवीत 'वस्तुमान भागिले आकारमान म्हणजे घनता' असे घोकायची. "आई, डोक्यात शिरत नाही गं."

तिला डबी सांगितली. "एका वजनाचं सोनं आणि चांदी. जागा जास्त कोण खाईल?"

"चांदी."

"मग आलं की तुला."

मी मात्र वेगळेच शिकले. दमलेला माणूस जुळलेल्या पहिल्या आकड्यावर टेकतो. त्या दिवशी आम्ही सगळेच टेकलो होतो.

सोने तर केव्हाच वितळून विकले गेले होते. लग्न लांबले. सोनाराने कोर्टात किंमत हप्त्यांनी भरायचे कबूल केले. शेवटचा हप्ता मिळाला त्या दिवशी ती ठाण्यात आली.

"सगले मिलाले गो बाय."

नोटांची घडी डबीत ठेवून तिने झाकण दाबले. टक्कन लागले.