पंचामृताशेजारची बाटली

माझ्या मुलीचं दूध संडासाच्या खिडकीत ठेवलेलं होतं. फिनेलच्या कॅनशेजारी. काळ्या पिशवीची गाठ तशीच होती. हात लावला तर पिशवी कोमट. सकाळी अकराला काढलेलं दूध, आणि आता चार वाजून गेले होते. ऑक्टोबरचा उकाडा. दूध गेलं होतं.

ऑफिस परळला, काचेच्या इमारतीत. मुलगी करी रोडला, चाळीत, माझ्या आईकडे. तेव्हा सहा महिन्यांची, नुकतीच पेज चाटायला लागलेली. डब्याचं दूध दोनदा देऊन पाहिलं, दोन्ही वेळा उलट्या. म्हणजे मी आज ऑफिसात जे काढीन, तेच ती उद्या मी घरी येईपर्यंत पिणार. दुसरं काही नाही.

साफसफाई करणाऱ्या शांताताई मागे उभ्या होत्या. मी विचारलं, फ्रिजमधून कोणी काढलं? त्यांनी आधी दाराकडे पाहिलं.

"मॅडम म्हणाल्या, ओतून टाक. लेकराचं दूध कसं ओतू गो? माझं सामान ठेवायला हीच एक जागा, म्हणून हय ठेवलं."

मॅडम म्हणजे आमच्या ॲडमिनच्या प्रमुख. त्या दिवशी ऑफिसात सत्यनारायण होता. दरवर्षी असतो. दरवर्षी मी रांगेत उभी राहून शिरा घेते, छान झालाय म्हणते. मॅडम पॅन्ट्रीत तुळशीची पानं निवडत होत्या. मी पिशवी पुढे धरली.

"अगं, आत पंचामृत आहे, नैवेद्याचं सामान आहे. मी सोवळं-ओवळं मानणारी नाही, तुला माहितीये. पण शेवटी ते अंगातलंच ना गं? तुमच्यात चालत असेल."

तुमच्यात.

आम्ही बौद्ध. माझ्या आडनावावरून ते त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. हा शब्द मी शाळेपासून ऐकतेय. नेहमी हसत हसत म्हणतात. ज्याला लागतो त्यानेही हसायचं असतं. मीही हसत आले. सांगायला लाज वाटते, पण हसत आले.

फ्रिज उघडून पाहिला. पंचामृताचं पातेलं. त्यातही दूधच होतं की. गाईचं चालतं. बाईचं चालत नाही.

खरं सांगायचं तर लपवायला सुरुवात मीच केली होती. रजा संपवून आले त्याच दिवशी बाटली वर्तमानपत्रात गुंडाळली, वर काळी पिशवी. मेडिकलवाला पॅड देतो तशी. कोणी सांगितलं नव्हतं. दूध काढायला संडासात बसायचे, कमोडच्या झाकणावर, मांडीवर पंप. बाहेरून दार वाजायचं, "कोण आहे आत? किती वेळ?" आणि मी आतून सॉरी सॉरी. ज्या दुधासाठी बाळंतपणानंतर तीन महिने रडले, पोर छातीला लागेना म्हणून रडले, आईने केलेली आळिवाची खीर नाक दाबून गिळली, ते दूध मी चोरीच्या मालासारखं आणत-नेत होते. मग कोणी ते संडासात ठेवलं तर नवल काय? मी काढतच तिथे होते.

नासलेलं दूध मी पॅन्ट्रीच्या बेसिनमध्ये ओतलं. मॅडमच्या समोर. नळ पूर्ण सोडला, बाटली विसळली. 

मीटिंगच्या खोलीत कथा सुरू झाली. दार उघडंच होतं. माझी छाती दगड झाली होती, कुर्ता ओला. मी संडासाकडे निघाले आणि अर्ध्यात वळले. माझ्या खुर्चीत येऊन बसले. ओढणी घेतली, पंप लावला, बटण दाबलं. घर्र घर्र सुरू झालं. गुरुजी दोनदा अडखळले. सगळे माना वळवून बघायला लागले. बघा म्हटलं.

मॅडम धावत आल्या. "इथे? सगळ्यांसमोर?"

"खोली द्या, खोलीत बसते. संडासात बसणार नाही."

"अगं, पूजा चालू आहे!"

"माझंही चालू आहे."

वीस मिनिटं लागली. बाटली भरली. वर मुलीचं नाव लिहिलं, आडनावासकट. फ्रिजमधलं पातेलं सरकवलं आणि बाटली त्याच्या शेजारी ठेवली. पिशवीशिवाय. म्हटलं, "आता काढायची तर तुमच्या हाताने काढा. शांताताईंना सांगू नका." कोणी हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी लेखी तक्रार दिली. मॅडमचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं, "तुमच्यात"सकट. शांताताईंवर ढकलतील हे ठाऊक होतं, म्हणून फ्रिजमधून कोणाच्या सांगण्यावरून काढलं तेही लिहिलं. आठवड्याने ऑफिसच्या मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. "एवढं ताणू नकोस. तक्रार मागे घे, खोलीचं मी बघतो." मी म्हटलं, खोली आईला लागते, तक्रार मागे घेणाऱ्या आईला नाही. तेव्हापासून माझा ॲटिट्यूड वाढलाय असं ऑफिसात म्हणतात. वाढू दे.

घरी आईच घाबरली. "नोकरी जाईल गं. पोर पदरात आहे."

"पोर पदरात आहे म्हणूनच," मी म्हटलं. आईला पटलं असं नाही, पण बाटली उकळायला तिनेच ठेवली. 

तीन महिने टोलवाटोलवी करून आता कंपनीच्या तक्रार समितीने बोलावलंय. शुक्रवारी, अकरा वाजता. मॅडम असतील, साहेब असतील. मी मुलीला घेऊन जाणार आहे. मला सगळं सांगायचंय, वेळ लागेल. मध्ये तिला भूक लागली तर मी उठून बाहेर जाणार नाही. तिथेच पाजेन, आणि पाजता पाजता बोलत राहीन.