तोंडावर नाही म्हणणारा

माझी बायको गेली तेव्हा मी कतारला, अल खोरच्या आमच्या कॅम्पात बसच्या टायरात हवा भरत होतो. रत्नागिरीहून पोराचा फोन आला. "अब्बा, अम्मी गेली. उद्या दुपारी जोहरच्या नमाजनंतर माती. येताय ना?"

तसाच काळ्या हातांनी ऑफिसात गेलो. इथे आम्हाला युनियन नाही, कंपनीची कमिटी आहे. निम्मी माणसं साहेबांची, निम्मी आम्ही मत देऊन पाठवलेली. आमच्याच गावाकडचा एक ड्रायव्हर तेव्हा कमिटीवर होता. तो म्हणाला, "चाचा, टेन्शन नको. इन्शाल्ला संध्याकाळपर्यंत तिकीट हातात."

मी बाकावर बसलो. दुपार कलली. तो येताजाता म्हणायचा, "होतंय, होतंय."

मग केनियाचा एक ड्रायव्हर शेजारी येऊन बसला. माझी त्याची ओळख टायरापुरती. हिंदी मोडकी. म्हणाला, "चाचा, मी विचारून आलो. सही करणारा साहेब दोहाला, आज येत नाही. तिकीट नाही. तुम्ही मातीला पोचणार नाही. वाट बघू नका, फोन लावा."

असा संताप आला, की वाटलं जॅकचा दांडा घालावा याच्या डोक्यात. पण फोन लावला. पोराने तो तिच्या उशाशी धरला. मी बोललो. काय बोललो ते लिहीत नाही. त्या बाकावर बसून राहिलो असतो तर तेवढंही गेलं असतं.

यंदा कमिटीची निवडणूक लागली. गावचा ड्रायव्हर परत उभा, आणि समोर हा केनियावाला. आम्हा कोकणातल्यांची रीत अशी, की आदल्या शुक्रवारी नमाजनंतर सगळे एका खोलीत जेवतात आणि सगळ्यात म्हातारा नाव घेतो. मत चिठ्ठीवर पडतं, पण ठरतं जेवणाच्या दस्तरखानावर. म्हातारा मी. हामूर माशाचं कालवण होतं, तांदळाच्या भाकऱ्या होत्या, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"चाचा, नाव घ्या, म्हणजे हात घालू."

"नाव घेणार नाही. माणूस बोलावलाय, त्याला विचारा."

केनियावाला दारात उभा होता, हातात ताकाची बाटली. एकजण मराठीत बोलला, "आता हबशी आपलं बघणार?"

मी म्हटलं, "साहेब तुला 'ए इंडियन' म्हणून हाक मारतो तेव्हा झोंबतं ना? मग तोंड सांभाळ. मुंबईच्या गोदीत आम्ही संपाला बसलो तेव्हा माझ्या एका अंगाला भय्या होता, दुसऱ्या अंगाला मद्रासी. गाव विचारत बसलो असतो तर संप सकाळीच मोडला असता. युनियन म्हणजे ते. सरक, त्याला जागा दे."

तो सरकला. मग प्रश्न सुरू झाले, हिंदीत.

"पगार वाढवणार?"

"नाही. ते कमिटीच्या हातात नाही."

"खोल्यांचे एसी?"

"मागेन. देतील का, माहीत नाही."

"मग तुला मत कशाला द्यायचं रे बाबा?" सगळे हसले. तोही हसला.

मग म्हणाला, "घरी कुणी मेलं तर त्याच दिवशी तिकीट. हे मागणार. नाही मिळालं तर त्याच दिवशी तुम्हाला येऊन सांगणार."

कुणी हसलं नाही. गावचा ड्रायव्हर माझ्याकडे वळला. "चाचा, आपल्या माणसाला पाडताय तुम्ही."

"तू इन्शाल्ला म्हणतोस आणि सगळं अल्लावर टाकून चहाला जातोस. अल्लाच्या कामाला तू पण उठायला हवंस की नाही? बस. जेव आता."

तो मान खाली घालून जेवला. पण जेवला.

केनियावाला निवडून आला. आमच्या खोलीतली किती मतं त्याला, अल्ला जाणे. पहिल्या मीटिंगनंतर तो सरळ वर्कशॉपात आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "नाही म्हणाले."

कुणी शिवी दिली नाही. पडलेला आमचा ड्रायव्हर तिथेच उभा होता. तोंड वाकडं करून म्हणाला, "अरे, तू चुकीचं मागतोस. तिकिटाला ते कंजूष नाहीत, फाइल सहीला अडते. इथल्या कॅम्प बॉसला सहीचा हक्क द्या म्हण. मी बघितलंय ना इतकी वर्षं."

"मग माझ्याबरोबर चल आणि सांग."

"मी? मी तर पडलो."

"म्हणून काय झालं? यल्ला, चल."

दोघं गेले. पुढच्या मीटिंगात ते मंजूर झालं.

आता परवाची गोष्ट. आमच्या नेपाळी वेल्डरचा बाप सकाळी वारला. दुपारी कॅम्प बॉसची सही झाली. केनियावाला त्याला विमानतळावर घेऊन निघाला आणि आमचा ड्रायव्हर त्याची बॅग घेऊन मागच्या सीटवर बसला. निघण्याआधी मी चारही टायर तपासले. गरज नव्हती. तपासले.

दुसऱ्या दिवशी नेपाळहून फोन आला. आवाज नीट येत नव्हता, मागे रडारड होती.

"चाचा, पोचलो. बाबांना अजून नेलं नाही."

"मग फोन काय करतोस? ठेव, जा त्यांच्याजवळ," मी म्हटलं, आणि मीच ठेवला.