नाकेदाराची बंडी

लाकडाच्या मोजणीसाठी मला दर उन्हाळ्यात अमरावतीहून सेमाडोहला जावं लागे. तिथला नाकेदार, म्हणजे जंगलाचा पहारेकरी, माझ्यासोबत चाले. खाकी सदऱ्याखाली तो विरळ विणीची बंडी घाली. वजन छटाकभरही नसेल. ती तो राखेनं धुई, सावलीत वाळवी. भर मे महिन्यातही तिच्यावर घामाचा डाग मी कधी पाहिला नाही. वाघाला तो नुसतं ‘ते’ म्हणे.

एका दुपारी नाल्याजवळ ओरडणारी माकडं एकदम गप्प झाली. तो थबकला.

“साहेब, बनियन काढा.”

“काहून रे?”

“बाजारातलं जाड बनियन तुमचं. पिळलं तं लोटाभर घाम निघन. ते वासावर येऊन राहिलं.”

माझं ओलं बनियन त्यानं फांदीला टांगलं आणि अंगातली बंडी काढून मला दिली. ती कोरडी होती, गारही.

“अन् तू?”

“तुमी पुढं चाला. मागं पाहू नका.”

विश्रामगृहाच्या पायरीवर मी वळलो. त्याचा सदरा घामानं अंगाला चिकटला होता.

सकाळी आम्ही परत गेलो. बनियन फांदीवर तसंच लोंबत होतं. पंजांचे ठसे त्याच्याखालून निघून, आमच्या वाटेनं, थेट विश्रामगृहाच्या पायरीपर्यंत गेले होते.

मी बंडी पुढं केली. त्यानं ती घेतली नाही.

“ठेवा तुमच्यापाशीच. मले तिचा आता काय उपयोग? तुमच्या बनियनले त्यानं तोंडही नाही लावलं. आता त्याले माहा वास मालूम झाला.”