कपाळावरचा रुपया
परवा पानपट्टीवाल्यानं सुट्टे पैसे म्हणून हातावर रुपया ठेवला आणि मला ओल्या कुंकवाचा वासच आला. वीसेक वर्षं झाली असतील, बायको काविळीनं गेली. आमच्यात मयताच्या कपाळाला ओल्या कुंकवानं रुपया चिकटवत्यात. हिरवं लुगडं नेसवून तिला दारात निजवलेली, उदबत्त्यांचा धूर नाकात बसलेला, गल्ली माणसांनी भरलेली. कुणा बाईनं रुपया लावला, तो आकडा वर करून. माझी थोरली वहिनी खेकसली, "सिंव्ह वर पायजेत की! बाजाराला चाललीया व्हय ती?" मग मीच वाकलो, रुपया काढला आणि खालची कड वर करून पलटला. वहिनी परत खेकसली, "आता सिंव्हांची डोकी खाली झाली की भावजी! आडवा पलटायचा, म्हंजे दोनी बाजू सरळ येत्यात." मला ते ठाऊक होतं. पण आमच्या घरात चारचौघांत बायकोला हात लावायची रीत नव्हती. ती तापानं फणफणली तरी वडीलधाऱ्यांसमोर तिच्या कपाळाला हात लावून बघितला नव्हता. म्हणून रुपया परत काढला, परत लावला, अंगठ्यानं दाबून धरला. कपाळ गार पडलेलं. थोरला भाऊ म्हणाला, "बास की आता, सरळ हाय. नदीवर माणसं थांबल्यात." मी म्हटलं, "जरा वाकडा हाय अजून." वाकडा काही नव्हता. वहिनी आजसुद्धा पावण्यारावळ्यांत सांगते, त्या दिवशी भावजींना साधा रुपया लावता येईना. सांगू दे तिला.