शाळेत पाणी न पिणारी मुलगी

मंडळी, आज शाळेत जे झालं ते तुमच्याशी बोलल्याशिवाय राहवत नाही. मी पुसेगावजवळच्या एका शाळेत शिकवते.

सकाळी प्रार्थनेला आठवीतली एक मुलगी चक्कर येऊन खाली बसली. सावलीत नेऊन विचारलं, "पाणी पिलीस का?"

"न्हाई मॅडम. शाळेत मी पाणीच पीत न्हाई."

"काहून गं?"

"पाणी पिलं की बाथरूमला जावं लागतं. दारासमोरच कॅमेरा हाय. हापिसात सगळे पाहून राहतात."

मी मुख्याध्यापकांकडे गेले. ते म्हणाले, "कॅमेरे पोरींच्याच सुरक्षेसाठी लावले, मॅडम. नियमच आहे."

"बराबर आहे सर. पण खासगीपणाचा हक्क लेकरांनाही आहे. एकदा पडद्यावर बघा तरी."

त्यांनी बघितलं. कोण आत गेलं, किती वेळानं बाहेर आलं, सगळं दिसत होतं. दुपारच्या आत त्यांनी कॅमेरा फाटकाकडे वळवून घेतला.

मी त्या मुलीला ते सांगितलं, तर ती म्हणाली, "मग बाकीच्या पोरींना बी सांगू का? त्या पण पीत न्हाईत."

तुमच्या लेकरांच्या शाळेत कॅमेरे कुठं लावलेत आणि ते कोण बघतं, हे तुम्ही कधी विचारलंय का?