दगडावरची पहिली ओळ

मजकूर मी लिहावा असे ठरले, कारण रत्नागिरीच्या एका दैनिकात मी अनेक वर्षे उपसंपादक होते आणि अल-खोबरला नवऱ्याच्या नोकरीमागे आल्यापासून दुसरे काही करत नव्हते. स्मारकाचा दगड उभा राहायचा होता रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका बंदराच्या गावात. निर्णय मात्र सौदीत व्हायचा होता. त्या गावातले कर्ते पुरुष तीन पिढ्या आखातात आहेत. गावच्या मुस्लिम वस्तीची पंचायत, म्हणजे जमात, दोन ठिकाणी बसते: तिथे मशिदीच्या ओट्यावर आणि इथे शुक्रवारच्या जेवणानंतर. इथे ठरते ते तिथे होते.

मला सांगायला आली ती एक नर्स. नवऱ्याच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळी ती वॉर्डात होती. त्याला मराठीतून दटावून चालायला लावणारी ती एकटीच, म्हणून ओळख टिकली. मी तिला सिस्टर म्हणते, ती मला ताई. दगड तिच्या पणजोबांचा होता.

या पणजोबांविषयी घरात जे सांगितले जाते ते असे. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून त्यांना लहानपणी पळवून आणले. काही वर्षे ते इथे, खोबरजवळच्या कतीफच्या खजुरांच्या बागेत राबले. तिथून एका कोकणी तारवाच्या मालकाने त्यांना विकत घेऊन गावात आणले. मोठे झाल्यावर ते पळाले, पलटणीत भरती झाले, पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाला गेले. गोळीबार चालू असताना त्यांनी जखमींना नदीतून ओढून अलीकडे आणले. त्याचे पदक मिळाले. परत आले ते त्याच गावात. वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले आणि पुढे प्रांताच्या कायदेमंडळात निवडून गेले. प्रचाराच्या प्रत्येक सभेत त्यांचे पहिले वाक्य ठरलेले असे: "मला एकदा विकलेलं आहे. आता मी विकला जाणार नाही, तुम्हीही जाऊ नका." गावातली म्हातारी माणसे हे वाक्य अजून म्हणून दाखवतात.

पुतळ्याचा प्रश्न नव्हता, जमातीत पुतळा चालत नाही. काळ्या दगडाची उभी शिळा आणि तिच्यावर मजकूर, एवढेच. मी सहा ओळी लिहिल्या. बातमीत जे कळल्याशिवाय बाकीचे कळत नाही ते सर्वांत वर घालायचे, ही आमच्या टेबलावरची शिस्त. त्याप्रमाणे पहिली ओळ होती: "या गावात गुलाम म्हणून विकत आणलेला मुलगा." पदक दुसऱ्या ओळीत, कायदेमंडळ तिसऱ्या.

सिस्टरने ते वाचले आणि म्हणाली, "ही ओळ राहिली तर दगड आमचा. नाहीतर तो कोणाचाही."

ती ओळ राहील की नाही, एवढाच मग प्रश्न होता.

जमातीच्या इथल्या शाखेचे अध्यक्ष सत्तरीचे. दम्मामच्या एका कंत्राटी कंपनीत माणसे कुठल्या साइटवर पाठवायची हे ते ठरवतात. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांच्या शब्दावर गावातल्या निम्म्या घरांतल्या मुलांना इकामे, म्हणजे इथे राहण्याचे परवाने, मिळालेले आहेत. सिस्टरचा धाकटा भाऊ त्यांच्याच कंपनीत, खोबरच्या ऑफिसात होता. आणि ज्या तारवाच्या मालकाने मुलगा विकत आणला, ते चाचांचे पणजोबा. हे गावात सर्वांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही.

चाचांनी मला फोन केला. आवाज सभ्य होता.

"बाई, मजकूर एक नंबर. फक्त वरची ओळ जरा बघा. लहानपणी आफ्रिकेतून आले, असं घाला. तेवढंच."

"ते स्वतःहून आले नव्हते."

"ते खरं. पण सन्मानाचा दगड हाय. लग्नाच्या पत्रिकेत कोण घरातली भांडणं छापतं?"

निर्णय शुक्रवारी बैठकीत होईल, असे मी म्हटले.

त्याआधीच्या शनिवारी सिस्टर आणि तिचा भाऊ मला कतीफला घेऊन गेले. तिला तिथले मासे आवडतात. बाजारातून हमूर घेतला, भावाने तो गाडीत बर्फात ठेवला आणि आम्ही बागांच्या बाजूने एक चक्कर मारली. खजुरांच्या बागा आता कमी आहेत. मध्येमध्ये नव्या वसाहती, एक गाड्या धुण्याचे दुकान, भिंतीला टेकून बसलेले दोन बांगलादेशी मजूर. पाहण्यासारखे काही नव्हते आणि पाहण्यासाठी ती आलीही नव्हती.

"इथंच कुठंतरी राबवलं त्यांना," ती म्हणाली. "मी इथं पगार घेते. जाईन तेव्हा माझ्या मर्जीनं जाईन."

भाऊ म्हणाला, "कंपनीकडून एक्झिटचा शिक्का मिळाल्यावर."

"शिक्का मिळाल्यावर, पण मर्जीनं." मग दोघेही हसले.

परतताना खोबर जवळ आल्यावर भाऊ म्हणाला, "ओळ नसली तरी लोकांना माहीतच हाय ना. मग कशाला?" त्याची नोकरी कोणाच्या हातात आहे हे गाडीतल्या तिघांनाही माहीत होते.

शुक्रवारची बैठक हाफ मून किनाऱ्याच्या वाटेवरच्या एका इस्तराहात होती. इस्तराहा म्हणजे सुट्टीपुरते भाड्याने मिळणारे, अंगणाभोवती भिंत असलेले घर. पुरुषांचा एक हॉल, बायकांचा दुसरा, मध्ये बोळ. जेवण गावच्या पद्धतीने, मोठ्या थाळाभोवती पाच-सहा जण. पहिला थाळ अध्यक्षांचा. त्यावर कोण बसणार ते चाचा ठरवतात, आणि त्या दिवशी त्यांनी सिस्टरच्या भावाला उजव्या हाताला बसवले होते. तिच्या घरातले माणूस पहिल्या थाळावर बसण्याची ही पहिलीच वेळ, असे बायकांच्या हॉलमध्ये एकीने मला कानात सांगितले. "मान दिला चाचांनी," ती म्हणाली.

या मानाला मागची एक गोष्ट आहे. गावाकडे जमातीच्या जेवणात वडीलधाऱ्यांचे हात जागेवर धुतात. एका हातात तस्त, दुसऱ्या हातात लोटा घेऊन एक जण थाळांमधून फिरतो. हे काम पिढ्यान्‌पिढ्या सिस्टरच्या घराकडे होते. पणजोबा कायदेमंडळात असतानाही त्यांच्या मेहुण्यांनी ते केले. इस्तराहात आता नळांची रांग आहे, पण तस्त आणि लोटा कोपऱ्यात असतातच.

जेवण संपत आले तेव्हा मजकूर वाचून दाखवण्यासाठी मला बोळात बोलावले गेले. सिस्टर माझ्याबरोबर होती. दार उघडे होते. चाचा शेजारच्याशी गावच्या जेटीबद्दल बोलत होते. बोलता बोलता त्यांनी खरकटा हात बाजूला धरला आणि कोणाकडे न पाहता म्हणाले, "पाणी."

सिस्टरचा भाऊ उठला. त्याचे स्वतःचे जेवण अर्धे राहिले होते. तो कोपऱ्यात गेला आणि त्याने लोटा उचलला.

चाचांनी ते मुद्दाम केले असे मला वाटले नाही आणि आजही वाटत नाही. भावाने विचार केला असेही वाटले नाही. हात पुढे झाला, माणूस उठला. थाळावरचे बाकीचे भात कालवत होते.

"बस खाली," सिस्टर दारातून म्हणाली.

भाऊ लोटा घेऊन तसाच उभा राहिला. सिस्टर आता चाचांकडे वळली.

"चाचा, नळ तिथं हाय."

तिसऱ्या थाळावरून कोणीतरी वातावरण सैल करायला म्हणाले, "अगो, चाचांचे गुडघे गेलेत. नळ लांब पडतो त्यांना."

"गुडघ्यांचं मी बघते. उद्या वॉर्डात या म्हणावं, चालवीन."

दोघे-तिघे हसले. चाचा हसले नाहीत. आपण काय केले ते त्यांना आता कळले होते. ते हात तसाच धरून उठले, नळापर्यंत गेले, हात धुतले आणि परत येऊन बसले. भावाने लोटा खाली ठेवला, पण तो थाळावर परत बसला नाही. भिंतीला टेकून उभा राहिला.

"मजकूर वाचा, बाई," चाचा म्हणाले.

मी सहाही ओळी वाचल्या.

"आता तुम्हीच सांगा, तुम्ही पेपरवाल्या. मान द्यायच्या दगडावर कोण असं लिहितं?"

"पदक मिळालेले पुष्कळ होते, निवडून आलेलेही," मी म्हटले. "विकत आणलेल्या माणसाने हे दोन्ही केले, म्हणून दगड आहे. ती ओळ काढली तर उरते ते कोणाचेही असू शकते."

"आमच्यात मालक-गुलाम नसतं. नमाजाला सगळे एका रांगेत उभे राहतात."

"नमाजाला राहतात," सिस्टर म्हणाली. "जेवायला आत्ता बघितलं."

चाचांनी आवाज खाली आणला. मला वाटते ते त्या वेळी मनापासून बोलत होते. "पोरी, तुझ्या भल्याचं सांगतो. तुला मुलगी हाय. उद्या तिला स्थळ येईल. दगडावर लिहून ठेवलंस तर पुसता येणार नाय."

"गावातून आमच्या घराला स्थळ कवा आलं, चाचा? दगड नव्हता तवा पण नाय आलं."

"वाचणारा विचारील, कोणाचा गुलाम?"

"विचारू दे. सांगायला माणसं हायत."

चाचांनी मग भावाकडे पाहिले. "तुझं काय म्हणणं? तू घरातला पुरुष."

भाऊ खाली बघत म्हणाला, "मला काय विचारता."

चाचांनी हात वर करायला सांगितले. ओळ काढावी या बाजूने जवळजवळ सगळ्या हॉलचे हात वर गेले. भावाचा गेला नाही, पण विरुद्ध बाजूनेही गेला नाही. बायकांच्या हॉलला कोणी विचारले नाही.

सिस्टरने ओढणी सारखी केली. "ठीक हाय. जमातीनं जमातीचा दगड लावावा, मशिदीच्या जागेत. तुम्हाला जी जागा पायजे ती बंदरावरची, आमच्या अंगणाची. ती माझ्या आईच्या नावावर हाय. तिथं लागेल तो दगड सहा ओळींचा."

बंदरावरून येणाऱ्या प्रत्येकाला दिसेल अशी गावात ती एकच जागा होती. आमदारांना आमंत्रण गेले होते, चौथरा बांधून झाला होता. जमातीला हे ठाऊक होते आणि तिलाही. बैठक चहा न घेता संपली.

पुढच्या आठवड्यात भावाची बदली झाली. खोबरच्या ऑफिसातून त्याला रब-अल-खालीच्या वाळवंटाच्या कडेला, पाइपलाइनच्या एका कॅम्पवर पाठवले. कामाच्या गरजेनुसार, असे पत्रात होते. तो गेला. सिस्टरने मला हे फोनवर एका वाक्यात सांगितले आणि पुढे विचारले, "पाथरवटाला मजकूर पाठवला का, ताई?"

पाठवला होता. पण त्याला गावातून दुसराही एक फोन गेला होता. त्याने खालच्या पाच ओळी कोरल्या आणि वरची जागा मोकळी सोडली. दगड आला तेव्हा सिस्टरच्या आईने प्लास्टिकची खुर्ची अंगणात आणून चौथऱ्यासमोर मांडली आणि तिच्यावर बसली. दगड चढवायला आलेल्या माणसांना तिने सांगितले, "अर्धा दगड माझ्या दारात लावायचा नाय." ती दुपारीही उठली नाही. शेजारणीने छत्री आणून दिली. पाथरवट दुसऱ्या दिवशी छिन्नी घेऊन आला आणि वरची ओळ तिच्यासमोर कोरून गेला. काम करताना तो म्हणाला म्हणे, "आजी, मला काय, मी सांगतील ते खोदतो." आजी म्हणाली, "मग खोद."

अनावरणाला चाचा गेले नाहीत, आमदारही आले नाहीत. कापड आईने ओढले. मजकूर शाळेतल्या एका शिक्षिकेने वाचला. पुरुष कमी होते, बायका पुष्कळ होत्या.

त्या संध्याकाळी जमातीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चाचांनी फोटो टाकला: "गावाचा अभिमान." फोटोत पाच ओळी दिसत होत्या, वरची कडेला कापलेली होती. सिस्टरने त्याखाली संपूर्ण दगडाचा फोटो टाकला. ग्रुपचे अ‍ॅडमिन चाचाच. थोड्या वेळात तो फोटो काढलेला होता. तिने पुन्हा टाकला. तो काढला गेला आणि तिलाही ग्रुपमधून काढले गेले. ती तेव्हा ड्यूटीवर होती. मजकुराच्या कामासाठी मलाही ग्रुपमध्ये घेतलेले होते, म्हणून स्क्रीनशॉट तिला मीच पाठवले.

मग कॅम्पवरून तिच्या भावाने तोच फोटो टाकला. खाली त्याने पणजोबांचे वाक्य लिहिले होते, जसेच्या तसे, आणि त्याखाली तारवाच्या मालकाचे, म्हणजे चाचांच्या पणजोबांचे, नाव. ते नाव दगडावर नाही.

तो फोटो अजून ग्रुपवर आहे.