सैल झालेला मास्क

आईच्या कवटीच्या तळाशी, उजव्या डोळ्याच्या नसेला चिकटून एक गाठ निघाली. कॅन्सरची नव्हती, पण वाढत राहिली असती तर डोळा गेला असता. ऑपरेशन करायला जागा अडचणीची, म्हणून डॉक्टरांनी नेमके तेवढ्या जागेवर किरण द्यायचं ठरवलं. सहा आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज. विक्रोळीहून मी तिला रिक्षाने हॉस्पिटलात न्यायचे.

डोकं हलू नये म्हणून तिच्या चेहऱ्याच्या मापाचा मास्क केला होता. प्लास्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करून तोंडावर दाबायची, थंड झाली की ती कडक होते. तो टेबलाला अडकवला की आईला तोंडही उघडता येत नसे. "गणपतीक साच्यात घालतत, तसा वाटता," ती म्हणायची. तिला मशीनची भीती वाटत नव्हती. मला वाटायची, आणि भीती वाटली की मी चिडते.

तिसऱ्या आठवड्यात मास्क बसवताना मशीनवरच्या मुलीचं बोट गालाशी सहज आत गेलं. "मावशी, बारीक झालात तुम्ही. आज नाही देता येणार." डोकं जरासं सरकलं तरी किरण भलतीकडे पडतात. म्हणजे नवा मास्क, नवा स्कॅन, मधले दिवस फुकट. डॉक्टरांनी विचारलं, "जेवता ना नीट?" आई छताकडे बघत राहिली.

रिक्षात तिने कबूल केलं. पहिल्या दिवसापासून ती दिवसातून एकच वेळ जेवत होती. गावच्या देवीला तसा नवस बोलली होती, किरण संपेपर्यंत. दुपारचा डबा शेजारणीकडे जायचा आणि मला रिकामा दिसायचा.

"डोळा वाचवायला उपास, आणि उपासानेच घालवणार तू डोळा. डोकंबिकं आहे का तुला?" मी बोलतच सुटले. रिक्षावाला आरशातून बघत होता.

"बोललला मोडूक येणा नाय गो चेडवा," एवढंच ती म्हणाली.

मोडायची गरज नव्हती. आमच्या गावात त्याला वाट आहे. देवीपुढे गाऱ्हाणं घालून, म्हणजे मोठ्याने विनवणी करून, एकाचा नवस दुसऱ्याने अंगावर घ्यायचा. माझा फारसा विश्वास नाही, तरी घरी पोचल्याबरोबर मी देवळातल्या गुरवकाकांना फोन लावला. उरलेले दिवस एकच वेळ मी जेवीन, म्हटलं. फोन स्पीकरवर होता. त्यांनी नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घालण्याआधी विचारलं, "वयनी, नवस कित्यासाठी बोललात? तां देवीक सांगूक व्हया."

आईने माझ्याकडे पाहिलं नाही. "डोळ्यासाठी नाय. डोळो ऱ्हवांदे नायतर जांवदे. माझ्या चेडवाचा डोक्या दुखता अधनंमधनं. तिच्या डोक्यात असला काय येव नये, म्हणान."

तिकडे काकांनी गाऱ्हाणं सुरू केलं. मी उठून तिचं ताट वाढलं. तिने दुसऱ्यांदा भात मागितला, तो मी वाढला.